केसपेपरवर नसलेला रकाना

महापालिकेच्या रुग्णालयात छातीच्या ओपीडीत काम करायचं म्हणजे सकाळपासून केसपेपरांच्या गठ्ठ्याशी गाठ. नाव, वय, पत्ता खिडकीवरच लिहून आलेले असतात. टेबलावर आल्यावर त्याखाली आम्ही लिहीत जातो : खोकला किती दिवसांचा, बेडका पडतो का, पडला तर रंग कसला, रक्त दिसलं का, धाप जिना चढताना लागते की बसल्या जागी, संध्याकाळी अंग तापतं का, वजन उतरलं का, घरात कुणाला टीबी होऊन गेला का आणि शेवटी बिडी-सिगारेट-तंबाखू. ही प्रश्नांची माळ इतकी तोंडात बसलेली असते की तिच्यातला एक मणी गळालेला आहे, हे ध्यानात यायला बरीच वर्षं जातात. हा माणूस दिवसभर कुठली हवा घेतो, हे आम्ही विचारत नाही. पत्ता असतो, पण तो रुग्ण औषधं सोडून गायब झाला तर शोधायला. त्या पत्त्याच्या खिडकीखाली मोठा रस्ता आहे की बेकरीची भट्टी, हे त्यावरून कळत नाही. धंद्यापुढे ‘मजुरी’, ‘नोकरी’ किंवा ‘गृहिणी’ यांतला एक शब्द पडतो. भाजीच्या पाट्या उचलणं ही मजुरी आणि ग्राइंडरने ग्रॅनाइट कापणं हीसुद्धा मजुरी. फुफ्फुसाच्या लेखी या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, केसपेपरवर दोन्ही एकच. मला जे म्हणायचं आहे, ते या कोऱ्या जागेविषयी. शहराच्या हवेमुळे होणारे श्वसनाचे आजार हाताबाहेर जाण्याची कारणं अनेक आहेत. पण जे लिहिलं जात नाही ते मोजलं जात नाही, मोजलं नाही म्हणून सिद्ध होत नाही आणि सिद्ध झालं नाही म्हणून कुणाला जाब विचारता येत नाही. ही साखळी जिथे सुरू होते, ती जागा म्हणजे आमचं टेबल.

ओपीडीला तिचं स्वतःचं पंचांग असतं. जून-जुलैत सर्दी-तापाची लाट येते, बाकांवर जागा उरत नाही, पण ती गर्दी आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. खरी ओढाताण पाऊस परतल्यावर सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. मुंबईत दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे शहर धुऊन काढतात. पावसाळा सरला की ते उशिरा सुरू होतात, जमिनीवरून येणारे मतलई वारे लांबतात, रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली झाकण घातल्यासारखी कोंडते आणि शहरानं दिवसभर सोडलेला धूर-धुरळा शहराच्याच वाट्याला परत येतो. याच दिवसांत ‘सर्दी छातीत उतरली’, ‘खोकला हटतच नाही’, ‘पहाटे दोनला उठून बसावं लागतं’ ही वाक्यं टेबलावर पुन्हा पुन्हा ऐकू येतात. बाळाला ‘मशीन लावा’ म्हणून आया रांगेत उभ्या असतात, म्हणजे नेब्युलायझर. कारण विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच : ‘हवा बदललीय.’ आम्ही ते ऋतुबदलाचं समजून पुढे जातो आणि ‘अ‍ॅलर्जिक’ किंवा ‘व्हायरल’ असं निदान लिहून मोकळे होतो. वास्तविक रुग्णाने सांगितलेलं कारण आमच्या निदानापेक्षा नेमकं असतं. हवा खरोखरच बदललेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती इतकी बदलली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. त्या महिन्यातल्या केसपेपरांचा गठ्ठा आज कुणी सोडवून पाहिला, तर त्यात हवेचा उल्लेख शोधूनही सापडणार नाही.

शहरात श्वसनाचे आजार पसरतात म्हटलं की डोळ्यांपुढे जंतू येतात : एक खोकला, दुसऱ्याला लागण. हे खरं आहे, पण अर्धंच. आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती सतत वरच्या दिशेने हलते आणि नाकातोंडातून आलेली धूळ, जंतू, चिकट द्राव घशाकडे ढकलत राहते. त्याखाली, वायुकोशांत, सफाई करणाऱ्या पेशी असतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा हिस्सा एवढे बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते लवेच्या पहाऱ्यातून निसटून थेट वायुकोशांपर्यंत जातात. धुराने लव मंदावते, सफाई पेशी कणांनी भरून जातात आणि मग जो विषाणू दोन दिवस नाक वाहवून गेला असता, तो छातीत मुक्काम करतो. सिलिकाची धूळ फुफ्फुसात साठलेल्या कामगाराला टीबीचा धोका कितीतरी वाढतो, हे वैद्यकशास्त्राला जुनंच ठाऊक आहे. म्हणजे जंतू बी असेल, तर हवा ही मशागत केलेली जमीन. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने २०११ मध्ये देशभरातल्या ८८० शहरांत-गावांत डॉक्टरांकडे एका दिवशी आलेल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांना श्वसनाशी संबंधित तक्रार असल्याचं दिसलं. एवढा मोठा भार केवळ जंतूंच्या खात्यावर टाकून चालत नाही. लस आणि प्रतिजैविकं बियाण्याचा बंदोबस्त करतात, जमिनीकडे पाहायची जबाबदारी मात्र कुठल्याच खात्याकडे नाही.

यावर शहरी, शिकलेला वाचक म्हणेल, हवेची नोंद नाही कशी? रोज सकाळी मोबाइलवर एक्यूआय दिसतो की. २०१५ पासून देशात हा निर्देशांक आहे आणि त्याचे आभारच मानायला हवेत, कारण त्यामुळे हवा हा बोलण्याचा विषय झाला. पण तो आकडा शहराचा आहे, फुफ्फुसाचा नाही. तो मुख्यतः चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो, त्यामुळे सिग्नलवरच्या सायंकाळच्या दोन तासांची टोकं त्यात सपाट होतात. मापन केंद्रं मोजकी, तीही कुठल्याही एका धुराड्याच्या तोंडाशी येणार नाहीत अशा जागी बसवलेली, आणि शहराच्या भल्यासाठी ते योग्यही आहे. पण आजार ठरतो तो शरीरात किती गेलं यावर, म्हणजे मात्रेवर. साधा हिशेब करू. बसून काम करणारा माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. घमेली वाहणारा बिगारी ३० लिटरच्या पुढे. आठ तासांत पहिल्याच्या छातीतून फार तर ३,८४० लिटर हवा फिरते, दुसऱ्याच्या छातीतून १४,४००. हवा दोघांना एकच धरली तरी बिगाऱ्याच्या आत पावणेचार पट कण जातात. बांधकामाच्या जागी धूळ शहराच्या सरासरीच्या तिप्पट धरली, आणि ही काही फार मोठी अतिशयोक्ती नव्हे, तर अकरा पट. पहिला बहुधा खिडक्या बंद करून बसलेला असतो, दुसऱ्याने तोंडाला गमछा बांधलेला असतो, आणि गमछ्याच्या विणीतून पीएम २.५ सहज आरपार जातो. दोघांच्या मोबाइलवर आकडा मात्र एकच दिसतो. भारतीय मानक चोवीस तासांसाठी ६० मायक्रोग्रॅमचं, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५ मायक्रोग्रॅमचं. या दोन आकड्यांतल्या अंतरावर चर्चा खूप होते, पण एकाच शहरातल्या दोन छातींमधलं अंतर त्याहून मोठं असू शकतं.

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. हवा मोजण्याच्या जुन्या, हाताने चालणाऱ्या केंद्रांवर एक पांढरा फिल्टर कागद असतो. तो आधी ठरावीक तापमानात आणि कोरड्या हवेत ठेवून काट्यावर तोलतात, मग यंत्रात बसवून त्यातून हवा ओढतात, काढून पुन्हा तोलतात. वजनातली वाढ भागिले ओढलेली हवा, हा झाला त्या दिवसाचा कणांचा आकडा. आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ दिवस हे काम चालावं असा नियम आहे. हातात घेतला तर कागद वजनाला काहीच वाटत नाही, पण रंगाने राखाडी, कधी काळा झालेला असतो. दुसरी गोष्ट आमच्याकडची, स्पायरोमीटर. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि मग एका दमात सगळा बाहेर. शेजारी उभा तंत्रज्ञ ‘सोडा, सोडा, अजून, अजून’ म्हणत असतो, कारण निदान सहा सेकंद श्वास सोडत राहावं लागतं. पडद्यावर रेघ उमटते. निरोगी छातीची रेघ झपकन वर चढून सरळ उताराने खाली येते. नळ्या आकसलेल्या छातीची रेघ मध्येच खोलगट होते, जणू कुणी चमच्याने उतार खरवडून नेलाय. मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं : रेघ सुधारली तर दमा असण्याची शक्यता जास्त, नाही सुधारली तर सीओपीडी, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. राखाडी कागद आणि खोलगट रेघ एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांगतात, एक बाहेरची, एक आतली. कागद एका खात्याच्या फायलीत जातो, रेघ दुसऱ्या खात्याच्या, आणि या दोन फायली एका टेबलावर कधी येत नाहीत.

त्या जेव्हा एका टेबलावर आल्या, तेव्हा काय झालं याचे दाखले याच मुंबईत आहेत. केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर, खार या भागांतल्या रहिवाशांची आणि तुलनेसाठी एका ग्रामीण भागाची तपासणी केली. हवेत सल्फर डायऑक्साइड आणि धूळ जास्त, तिथे खोकला, धाप आणि वारंवार होणारी सर्दीही जास्त, हे त्यांनी वस्तीवार दाखवलं. गिरण्यांची धुराडी तेव्हा चालू होती. दुसरा दाखला माहुलचा. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्यांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. केईएमच्या पथकाने तिथल्या रहिवाशांचं सर्वेक्षण केलेलं होतं. धाप, घशाची आणि डोळ्यांची जळजळ या तक्रारींना तिथे पहिल्यांदा पत्ता आणि टक्केवारी मिळाली, आणि २०१५ मध्ये लवादाने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलमध्ये पुनर्वसन झालेल्या प्रकल्पग्रस्तांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं द्यायला सरकारला सांगितलं. याच्या उलट उदाहरण देवनारचं. १९२७ पासून वापरात असलेल्या त्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, धूर कित्येक दिवस वस्त्यांवर बसून राहिला, उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. अवकाशातून टिपला गेलेला धूर खालच्या दवाखान्यांच्या कागदांवर मात्र ‘खोकला, ५ दिवस’ एवढाच उरतो. नोंद असेल तर रहिवाशाची तक्रार पुरावा होते, नसेल तर ती कुरकुर ठरते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप सरकारी आहे आणि तो संसदेत अनेकदा मांडला गेला आहे : केवळ हवेच्या प्रदूषणामुळे मृत्यू झाला असा थेट संबंध दाखवणारी ठोस आकडेवारी देशात नाही. या विधानात एक बारकावा लपलेला आहे, ‘केवळ’ हा शब्द. केवळ एका कारणाने होणारे मृत्यू दुर्मीळच असतात. केवळ बिडीने किंवा केवळ मिठाने कुणी मेला असं तरी कुठे दाखवता येतं? हवेचा परिणाम तुलनेतून कळतो. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना कामगार-मालक तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद राहिला. माणसं तीच, डोंगर तेच, थंडीही दर साली येणारीच. संशोधक आर्डेन पोप यांनी रुग्णालयांचे दाखले आणि हवेचे आकडे जुळवले, तेव्हा कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनविकारांनी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंदच्या हिवाळ्याच्या दोन-तीन पट निघाली. एकट्या रुग्णाचंही सिद्ध करता येतं. लंडनच्या लुइशम भागात एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. घर मोठ्या रहदारीच्या रस्त्यालगत होतं आणि तीन वर्षांत पंचवीसहून अधिक वेळा ती रुग्णालयात दाखल झाली होती. २०१४च्या पहिल्या चौकशीत हवेचं नाव नव्हतं. तिची आई मागे हटली नाही. डॉ. स्टीफन होलगेट यांनी तिच्या दाखल होण्याच्या तारखा घरापासून साधारण मैलभरावरच्या मापन केंद्राच्या नोंदींपुढे ठेवल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत तीव्र श्वसन-अपयश, गंभीर दमा यांच्याखाली तिसरी ओळ लिहिली गेली : हवेच्या प्रदूषणाशी संपर्क. इथे नवं यंत्र लागलं नाही की नवं शास्त्र लागलं नाही. दोन वह्या एकत्र वाचल्या गेल्या. ठोस आकडेवारी नाही हे सरकारचं म्हणणं म्हणूनच बचाव ठरत नाही, ती चुकलेल्या कामाची कबुली आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातून येतो. लोक बिडी ओढतात, घरात धूप-अगरबत्ती लावतात, रात्रभर मच्छर कॉइल जाळतात, मग शहराच्या हवेवर खापर का? प्रश्न रास्त आहे. एक मच्छर कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचं २००३ मध्येच मोजलं गेलंय, आणि दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो धूर कुठे जाणार? पण म्हणूनच बिडीवर थांबणारी प्रश्नमाला अपुरी पडते. डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की जगातल्या सीओपीडी रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नाही. त्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायका आहेत, धुळीत राबणारे पुरुष आहेत, रस्त्यालगत वाढलेली मुलं आहेत. बिडी ओढत नाही म्हणून सीओपीडीचा विचारच झाला नाही, दम्याचं सिरप आणि वाफ यांवर वर्षं गेली, अशी चूक होणं म्हणूनच फार सोपं आहे. शिवाय बिडी ओढणाऱ्याच्या फुफ्फुसाला बाहेरची धूळ सोडून देत नाही, दोन्हींचा मारा एकाच जागी होतो. म्हणून माझं म्हणणं घर विरुद्ध शहर असं नाही. छातीत जाणाऱ्या प्रत्येक धुराला केसपेपरवर जागा हवी, मग तो अगरबत्तीचा असो की तयार काँक्रीटच्या आरएमसी प्लांटचा. आज त्यांतल्या एकालाच जागा आहे, आणि योगायोग असा की त्याचा दोष पूर्णपणे रुग्णावर टाकता येतो.

तिसरा आक्षेप हताशपणाचा. एवढं मोठं शहर, एवढी बांधकामं, एवढ्या गाड्या. आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे लावणार? शिवाय विकास थांबवायचा का? याला उत्तर अनुमानाचं नाही, घडलेल्या गोष्टींचं आहे. बीजिंगचं पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण २०१३ मध्ये ८९.५ मायक्रोग्रॅम होतं, २०२० मध्ये ते ३८ वर आलं, आणि त्या सात वर्षांत बीजिंगमधलं बांधकाम किंवा धंदा काही बंद पडला नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियात शाळकरी मुलांच्या तीन तुकड्यांचे श्वास मोजत राहिलेल्या संशोधकांना दिसलं की हवा सुधारत गेली तशी पंधराव्या वर्षी फुफ्फुसाची ताकद लक्षणीयरीत्या कमी असणाऱ्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. गाड्या तिथे काही कमी झाल्या नव्हत्या. आपल्याकडेही न्यायालयाच्या रेट्यामुळे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्याच ना? पण ठिगळ कुठे लावायचं हे कळायला कापड कुठे विरलंय ते पाहावं लागतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या खर्चाचा सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला आणि उद्योगांवर १ टक्क्याहूनही कमी. धूळ झाडायला हवीच. पण पीएम २.५ चा मोठा वाटा जळणातून येतो, तिथे पाण्याचे फवारे मारून काय होणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुठल्या प्रभागातल्या, कुठल्या कामातल्या लोकांच्या छात्या आधी जातात याची यादी हाती असती, तर बंबाला रस्ता दाखवता आला असता.

बेकरीचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम इंधनावर न्यायला सांगितल्या, तेव्हा पाव महागेल, छोट्या बेकऱ्या बुडतील, अशी ओरड झाली. खर्चाची काळजी खोटी नव्हती, कारण भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं. पण हे लाकूड म्हणजे बहुतेक वेळा जुन्या फर्निचरचं, रंग आणि डिंक लागलेलं प्लायवूड. ते जळताना पहिला धूर घेतो भट्टीपुढे उभा राहून पाव आतबाहेर करणारा कामगार, दुसरा घेते माळ्यावर झोपलेली त्याची पुढची पाळी आणि तिसरा घेते गल्ली. शहराच्या एकूण कणांत भट्ट्यांचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. त्या कामगाराच्या छातीतला वाटा किती, यावर वाद होऊ शकत नाही. स्वस्त पावाची उरलेली किंमत कुणीतरी पंपाच्या, एक्सरेच्या आणि बुडालेल्या रोजाच्या रूपाने भरत असतो. हा खर्च बेकरीच्या वहीत येत नाही आणि आमच्या केसपेपरवरही ‘नोकरी’ या शब्दाखाली बुजून जातो. दोन्ही वह्यांत नसलेला खर्च धोरण ठरवणाऱ्याला दिसावा तरी कसा?

उरला तो आम्हा ओपीडीतल्या लोकांचा आक्षेप, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे : वेळ कुठे आहे? एका रुग्णामागे दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात हे नवं पुराण कधी लावायचं? शिवाय विचारून करायचं काय? धुळीत जाऊ नका, असं नाक्यावरच्या मजुराला सांगणं म्हणजे उपाशी राहा असं सांगणं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मागणी पुराणाची नाही, पाच खुणांची आहे. घराजवळ मोठा रस्ता, भट्टी, प्लांट की कचराभूमी? काम नेमकं काय आणि धुळीत किंवा धुरात किती तास? स्वयंपाक कशावर, आणि रात्री काय जळतं? येण्याजाण्यात रस्त्यावर किती वेळ? आणि सुट्टीत किंवा गावी गेल्यावर बरं वाटतं का? या खुणा खिडकीवरचा कारकूनही करू शकतो. महिन्याअखेर प्रभागवार बेरीज झाली आणि ती मापन केंद्रांच्या आकड्यांशेजारी लागली, तर शहराला आज नसलेला नकाशा मिळेल. केंद्र सरकारच्या हवामानबदल आणि मानवी आरोग्य कार्यक्रमात निवडक रुग्णालयांतून तीव्र श्वसनविकारांची नोंद होतेच, तिचा हात ओपीडीच्या टेबलापर्यंत पोचवायचा आहे. रुग्णाचाही यात फायदा आहे. कायद्यानुसार सिलिकोसिससारखा व्यवसायजन्य आजार आढळला तर तो कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ‘मजुरी’ लिहिलेल्या कागदावरून तो संशयसुद्धा येत नाही, ‘ग्रॅनाइट कटिंग, ९ वर्षं’ लिहिलेल्या कागदावरून येतो, आणि उद्या भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो. सगळ्यांना आम्ही हवा बदलून देऊ शकत नाही. पण हवेने झालेल्या आजाराला ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवणं तरी थांबवू शकतो.

केसपेपरवरचा बिडीचा रकानाही काही आभाळातून पडलेला नाही. १९५०च्या सुमारास फुफ्फुसाचा कर्करोग का वाढतोय हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. संशोधक रिचर्ड डॉल यांचा स्वतःचा संशय आधी मोटारी आणि रस्त्यांवरच्या डांबरावर होता. त्यांनी आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या २० रुग्णालयांतल्या कर्करोगाच्या ७०९ आणि इतर आजारांच्या तितक्याच रुग्णांना ठरवून तेच ते प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, आणि उत्तर सिगारेटीकडे बोट दाखवणारं निघालं. त्याआधीही लाखो लोक ओढत होते, खोकत होते, डॉक्टरांपुढे बसत होते. प्रत्येकाला तोच प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवलं गेलं, म्हणून सवयीचा आजाराशी असलेला संबंध दिसला, आणि पाकिटावरच्या इशाऱ्यापासून सार्वजनिक जागेतल्या बंदीपर्यंत सगळं त्यानंतरचं. आमच्या पाच प्रश्नांतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर विचारायच्या आधीच मिळतं. औषधं लिहून झाल्यावर, केसपेपर परत घेता घेता, रुग्ण उठत म्हणतो, ‘गावी गेलं की काही नसतं बघा. इथे आलं की पुन्हा सुरू.’ छातीने हवेच्या तक्त्यावर स्वतःच्या सहीने केलेली ही नोंद असते. आम्ही मान हलवतो, पुढचं नाव पुकारतो. ते वाक्य लिहायला कागदावर जागा नसते.